काठमांडूला सांगोल्यावरून

लेक काठमांडूला राहायला गेली तेव्हा बोईसरजवळ सरावलीतली आमची शेजारीण म्हणाली, "आवो, परदेशात हाय ना ती? लय लांब नाय काय?" मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "कसलं लांब! मुंबईहून विमानात बसलं की तीन तासांत तिथं. आमच्या सांगोल्याकडच्या गावाला जायचं तर बोईसरहून अख्खा दिवस मोडतो!" ही माहिती आमच्या ह्यांची. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगायचे.

जावई तिथल्या एका हॉटेलात आचारी. घरात दोघंच. दिवस गेल्यावर लेक फोनवर म्हणाली, "आई, कळा येतील तेव्हा तू जवळ हवीस." मी म्हटलं, "अगं, आठ दिवस आधीच येऊन बसते!"

डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जुन्या साड्यांची दुपटी घेऊन आम्ही विमानतळावर गेलो. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, हे ह्यांना पक्कं ठाऊक. काउंटरवर मोठ्या ऐटीत आधार कार्डं ठेवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे नाही चालणार. पासपोर्ट नाही तर मतदार कार्ड द्या."

"अहो मॅडम, आधारवर सिम मिळतं, सिलिंडर मिळतं, आणि नेपाळ तेवढं मिळत नाही?" हे म्हणाले.

नाहीच मिळालं. बोईसरला येऊन पंचवीस वर्षं झाली, पण आमचं मत अजून गावाला. इथल्या कारखान्यांत आलेल्या आमच्याकडच्या बऱ्याच जणांचं तसंच. मत हलवलं की गाव सुटलं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून कार्डंही गावाला, थोरल्या जाऊबाईंच्या कपाटात. का, तर इथं हरवतील! विमानतळावरच ह्यांना असं झाडलं की मागची सगळी रांग गप्प झाली. ऐकेनात का!

हे तिथूनच गावाला निघाले आणि मी बोचकी घेऊन घरी. गावात पोचले तर जाऊबाई माहेरी लग्नाला, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मग वऱ्हाडात शिरून किल्ली आणा, कपाट उघडा, कार्डं शोधा. हे परतीच्या एसटीत पुण्यापर्यंत आले असतील, तेवढ्यात जावयाचा फोन आला. लेक बाळंत झाली होती, दिलेल्या तारखेच्या आधीच. मुलगा झाला.

मी आनंदाने रडले. मग ह्यांना फोन करून पुन्हा झाडलं. मग परत रडत बसले.

पोचलो तेव्हा बाळ दोन दिवसांचं होतं. विमान वेळेत उतरलं, ह्यांनी घड्याळ पुढं धरून दाखवलंही. मी बघितलंसुद्धा नाही.

लेकीच्या खाटेजवळ तिची घरमालकीण बसली होती. माझ्याच वयाची. लेकीला चमच्याने सूप भरवत होती. लेक माझ्या गळ्यात पडली, एक अक्षर तक्रारीचं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मालकिणीची भाषा मला येईना, माझी तिला. मग तिने हसत हसत बाही वर केली आणि मनगट पुढं केलं. नखं रुतल्याचे निळेकाळे वळ होते. जावई म्हणाला, "कळा सुरू झाल्यापासून हिने यांचा हात सोडलाच नाही."

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. ते वळ माझ्या मनगटावर उठायला हवे होते.