शेळीच्या नावानं आणलेला अ‍ॅम्प्लिफायर

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं सही आणि वाणसामानाची यादी, एवढंच लिहीत आले. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी चुकून कुणाच्या हाती पडली तर आधीच माफी मागून ठेवते.

महाळुंगे पडवळला आमचं घर. मालक विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, पण नाद आवाजाचा. फळ्या आणून त्यांनी स्वतः पाच स्पीकरच्या पेट्या केल्या. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन, एक मध्ये, दोन पाठीमागं. "घरात टॉकीज करतो बघ," म्हणायचे. पेट्या झाल्या, पण त्यांना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायच्या आधीच ते गेले. मूलबाळ नाही. पेट्या तीन वर्षं मुक्या उभ्या होत्या. मी त्यांच्यावर धूळ बसू दिली नाही, एवढंच.

त्यात मला कमी ऐकू यायला लागलं. टीव्हीचा आवाज वाढवला की गोंगाट वाढायचा, शब्द कळायचे नाहीत. टोमॅटोच्या हंगामात मी नारायणगावच्या बाजारात माल निवडायला जाते. तिथं दिवसभर माणसं असतात, पण मी कुणाशी बोलत नाही, म्हणून माझ्याशीही कुणी बोलत नाही. घरी आल्यावर निदान टीव्हीतली माणसं तरी नीट ऐकू यावीत, असं वाटायचं. घरात माणसाचा आवाज हवा होता. बाकी काही नको होतं.

जवळ दोन हजार होते. पाच हजार बचत गटातून मिळण्यासारखे होते. पण गटात पैसे कशाला हवेत ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं लागतं. पंधरा बायका माझ्याकडं बघत होत्या आणि अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. माझ्या आधीच्या बाईनं शेळीसाठी मागितले होते. मीही म्हणाले, "शेळी." अध्यक्षबाईंनी वहीत तसं लिहून घेतलं.

नारायणगावात स्टँडच्या मागं एक दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्या दिवशी दुकानदारानं रंगीत दिव्यांचा एक सेट लावला. खोक्यावर दहा हजार वॉट छापलेलं. गाण्याच्या दणक्यानं माझी छाती हलायला लागली. "कसा वाटतोय?" मी म्हणाले, "चांगला." "तुमचे स्पीकर किती ओहमचे?" ते मला माहीत नव्हतं. लाज वाटली, तशीच जीपमध्ये बसून परत आले.

घरी पेट्या एकेक करून फिरवल्या आणि मागं लिहिलेलं कागदावर उतरवलं. आठचा आकडा, आणि पुढं घोड्याच्या नालासारखी खूण.

पुढच्या आठवड्यात कागद त्याच्यापुढं ठेवला.

"हां, आठ ओहम. पाच हाईत म्हणता? मग कंपनीचा जुना हाय, पाचीबी चालतील. चौदा हजार."

"सात हजार हाईत. सगळे मिळून."

"मग हा दिव्यांचा सहाला घ्या. न्हाईतर..." त्यानं कपाटाच्या खालच्या फळीवरून एक साधा काळा डबा काढला. "ह्यो मी सोता जोडलाय. साडेसहा. दिवं न्हाईत, रिमोट न्हाई, आन् दोनच स्पीकर चालतील. पर उचलून बघा."

मी उचलला. पाव क्रेट टोमॅटोएवढा जड होता. आत ट्रान्सफॉर्मर मोठा आहे, म्हणाला.

"मग बाकीचे तीन?"

"गप बसतील. घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"मग दोन पुरं झालं, मावशी. तेवढ्या पैशात पाच जागी वाटला का आवाज पातळ व्हतो."

मालकांनी पाच केल्या होत्या. तीन मुक्या ठेवायच्या म्हणजे त्यांनी वाढलेलं ताटात टाकून उठण्यासारखं होतं. मग धीर करून म्हणाले, "दोन्ही मशीनवर बातम्या लावून दाखवता का?"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. "बातम्यांना कशाला मशीन, आज्जे?"

दिव्यांच्या सेटवर बातम्या देणारी बाई हंड्यात तोंड घालून बोलत होती. काळ्या डब्यावर ती दारात उभी राहून बोलावी तशी बोलली. मी कमरेची पिशवी सोडली.

दुकानदारानं सांगितल्याप्रमाणं तांबडी वायर तांबडीला, काळी काळीला, मीच लावली. त्या दिवसापासून सगळे शब्द कळायला लागले. इतके, की मालिकेत कुणी कडी वाजवली की मी उठून दाराकडं जायचे. दार उघडलं की बाहेर कुणी नाही. पुढं पुढं उठायचं सोडून दिलं.

म्हणून एक दिवस खरी कडी वाजली तेव्हा मी जागची हलले नाही. गटातल्या बायका आपणच दार ढकलून आत आल्या. गटाच्या पैशातून जनावर आलं की बायका त्याच्या पायावर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात. हे मी विसरलेच होते. अध्यक्षबाई पुढं, मागं चार जणी, एकीच्या हातात घासाची पेंढी.

"शेळी कुठं बांधली गं?"

मी डब्याकडं बोट दाखवलं.

मग घासवाली म्हणाली, "आगं बया! चारा काय खाती ही?"

"लाईट," दुसरी म्हणाली.

"आन् दूध?"

त्या हसून हसून खाली बसल्या. अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "वहीत शेळी लिवलीय. आमाला का न्हाई सांगितलंस?"

"लाजले," मी म्हणाले.

"गटाशी खोटं बोलली तिचं नाव कमी व्हतं, ठाव हाय ना? येकडाव सोडते. दहा हप्ते, व्याजासकट. येक जरी चुकला तर गटातून भाईर."

तरी जाताना त्यांनीच डब्याला कुंकू लावलं. आणलेलं परत न्यायचं नसतं, म्हणाल्या.

पुढं तीन रविवार चौघीजणी मालिका बघायला आल्या. माझ्या घरात पाच जणींचं बोलणं चालायचं, मी आवाज बारीक करून ठेवायचे. मग कांद्याची लागण सुरू झाली आणि त्या यायच्या बंद झाल्या. गटाच्या बैठकीत मात्र दर महिन्याला कुणीतरी विचारायचं, "शेळी बरी हाय का?" मी म्हणायचे, "बरी हाय." महिन्याभरात कुणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

सहाव्या महिन्यात टोमॅटोचा भाव पडला, बाजारात काम लागेना. मी खुरपायला गेले आणि हप्ता बैठकीच्या आदल्या दिवशीच नेऊन दिला. नंतरचेही तसेच दिले.

दहाव्या बैठकीला शेवटचे पैसे अध्यक्षबाईंच्या हातात ठेवले. त्यांनी दोनदा मोजले, वहीतल्या शेळीवर आडवी रेघ ओढली आणि पुढं लिहिलं, सगळे फिटले.