पहिल्या नावाची कार्यशाळा

वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या एका रिसर्च लॅबमध्ये मी तीन वर्षं उंदरांच्या हृदयावर काम केलं. लॅब एका मराठी डॉक्टरांची. ते सत्तरच्या दशकात इकडे आलेले, गावात मोठा मान. मी त्यांना सर म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. गणपतीत फेरीबोटीने खाडीपलीकडे त्यांच्या घरी जाऊन मोदक वळायला मी, आणि स्नो पडला की त्यांचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करायलाही मीच. "तू काय, घरचीच आहेस," सर म्हणायचे. मला ते ऐकून चक्क बरं वाटायचं.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. पेपर छापला की पहिलं नाव ज्याने प्रयोग केले आणि लिहिलं त्याचं, शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं, मधली नावं हातभार लावणाऱ्यांची. पुढची नोकरी पहिल्या नावावर मिळते, मधल्या नावाला कोणी हिंग लावून विचारत नाही. माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं आणि तीन वर्षांच्या कामाचा माझा हा एकच पेपर होता.

लॅबमधल्या चिनी मुलीने आणि कॅनेडियन पोराने काम सुरू करायच्या आधीच सरांकडून ईमेलवर कबूल करून घेतलं होतं, की आपापल्या पेपरवर पहिलं नाव आमचं. मी घेतलं नव्हतं. ज्यांच्या स्वयंपाकघरात आपण पदर खोचून उभं राहतो, त्यांच्याकडे लेखी मागायचं कुठल्या तोंडाने? एकदा नुसतं तोंडी विचारलं, तर काकूंसमोर हसून म्हणाले, "अगं, घरच्यांत असलं बोलतात का?" मीच ओशाळले आणि भांडी घासायला लागले.

नोव्हेंबरमध्ये पेपर स्वीकारला गेला आणि शेवटच्या तपासणीसाठी प्रुफं आली. पहिलं नाव विभागप्रमुखांच्या लाडक्या शिकाऊ सर्जनचं. हा प्राणी लॅबमध्ये दोनदा आला होता, त्यातलं एकदा छत्री विसरली म्हणून. माझं नाव तिसरं. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "त्याला आत्ता गरज आहे गं. तुझं पुढच्या वेळी बघू." मार्चनंतर माझी पुढची वेळ कुठली, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तरी माझ्या तोंडून "बरं सर" एवढंच निघालं. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

त्याच सुमारास युनिव्हर्सिटीत एक कार्यशाळा होती. संशोधकांसाठी अशा कार्यशाळा बारा महिने चालायच्या. ग्रँट कशी लिहावी, सीव्ही कसा करावा, मुलाखतीत हात कुठे ठेवावेत. छातीवर नावाचं स्टिकर लावायचं, मफिन आणि गाजराचे तुकडे खायचे, माना डोलवायच्या. या खेपेचा विषय होता पेपरवर कोणाचं नाव कुठे यावं. आणि तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून कोण, तर आमचे सर. आमंत्रणाचा ईमेल वाचून मी उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर एकटीच हसत बसले.

कार्यशाळेची पद्धत अशी, की येणाऱ्यांनी आपल्यावर गुदरलेला प्रसंग नावं न घालता ऑफिसकडे पाठवायचा. त्यातला एक प्रसंग तज्ज्ञ सर्वांसमोर वाचतात, निकाल देतात, तो मोठ्या कागदावर लिहून खाली सही करतात. मग त्या कागदाचा फोटो ऑफिस सगळ्यांना ईमेल करतं. हे ऑफिसचं काम बघायची एक नागपूरची बाई, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. कॉफीच्या रांगेत आमचं मराठीत बोलणं व्हायचं. ती पूर्वी सरांच्याच लॅबमध्ये होती, एवढं मला ठाऊक होतं. चांगले प्रयोग सोडून ती ईमेल का पाठवत बसली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी प्रसंग लिहून पाठवला. हृदयाच्या जागी मूत्रपिंड घातलं, उंदरांच्या जागी ससे. बाकी शब्द न् शब्द खरा. घरच्यांत असलं बोलतात का, हे वाक्यही इंग्रजीत करून घातलं.

त्या दिवशी चाळीसएक लोक होते. सरांनी हातात आलेला कागद वाचायला घेतला आणि तो माझाच होता. त्या वाक्यापाशी ते अडखळले. चष्मा काढून पुसला आणि खोलीच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे नागपूरवाली कप मांडत होती. मी मधल्या रांगेत. मला वाटलं, ओळखलं यांनी, आता गुळमुळीत काहीतरी बोलून सुटतील. पण नाही. स्वच्छ आवाजात म्हणाले, ही चोरी आहे. जिने काम केलं तिचंच नाव पहिलं, आणि घरोब्याच्या नावाखाली ते काढून घेणारा माणूस शिक्षक म्हणवून घ्यायला लायक नाही. निळ्या मार्करने तसंच लिहिलं, खाली सही ठोकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ मी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रुफं घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"सर, कालच्या निकालाप्रमाणे नावं बदलायची आहेत."

"कसला निकाल?"

"ती केस माझी होती. मी फक्त नावं काढली आणि ससे घातले."

त्यांचा चेहरा उतरला. बघून माझ्या जिवाला इतकं थंड वाटलं, की काय सांगू. मग ते पुटपुटले, "तू होतीस? मला वाटलं, तिची आहे."

"कोणाची?"

जीभ चावायला उशीर झाला होता. "तिची, ऑफिसातली," ते म्हणाले. "तिचा पेपर छापून सहा वर्षं झाली गं, आता त्यात काही बदलत नाही. म्हटलं, चार लोकांत तिच्या बाजूने बोलावं. तेवढंच तिला समाधान."

इतक्या मायेने म्हणाले, की मला किळस आली. म्हणजे मी पहिली नव्हतेच. चिनी पोरीचं आणि कॅनेडियन पोराचं नाव त्यांनी कधी हलवलं नाही, घरच्यांची तेवढी हलवली. मी खुर्ची ओढून बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना दुरुस्ती करायला लावली. पहिलं नाव माझं. प्रुफं पाठवल्यावरच उठले. दारापाशी त्यांचा आवाज आला, "नोकरीसाठी शिफारसपत्र माझ्याकडूनच घ्यायचंय तुला, लक्षात असू दे."

तिथून थेट तिच्या टेबलापाशी गेले आणि सरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती त्या फोटोचाच ईमेल तयार करत होती. ऐकून तिचे हात थांबले.

"तुझी केस आली तेव्हा मला वाटलं, माझीच कोणीतरी लिहून राहिलंय," ती म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांत वर ठेवली. तुझं नाव लागलं?"

"लागलं."

"मग झालं तुझं. जा तू."

मी गेले नाही. ती पुन्हा टाइप करायला लागली. फोटोखाली इंग्रजीत लिहिलं, की हा प्रसंग एकाच लॅबमध्ये दोनदा घडला आहे आणि ती लॅब निकाल देणाऱ्या तज्ज्ञांचीच आहे. यादीत चाळीस लोक होते, त्यात तिने विभागप्रमुखांना घातलं. मग आपलं नाव लिहिण्याआधी माझ्याकडे वळली.

"तुझं घालू का? पत्र लागेल तुला त्यांचं."

"घाल," मी म्हटलं. "पण आधी तुझं."