'आजी' आणि 'कडे' यांच्यामधली जागा

सई, काल तुझ्या मेसेजमध्ये 'आजी कडे' असं सुटं लिहिलेलं दिसलं आणि मी लगेच फोन केला. "आजीकडे हा एकच शब्द आहे गं. जोडून लिहायचा."

"पण आजी, 'टू' तर वेगळाच असतो!" तू हसलीस.

खरं आहे. इंग्रजीत असे शब्द नामाच्या आधी, अंतर राखून उभे राहतात. आपले मागून येऊन नामाला बिलगतात. तुझ्या त्या रिकाम्या जागेकडे मी उगाच पाहत बसले.

"मग मे महिन्यात येताय ना?"

"यायचंय, बट बाबांच्या सुट्टीचं नक्की नाही. मेबी येऊ."

'बट' उभयान्वयी, 'मेबी' क्रियाविशेषण. शाळेत मी फळ्यावर किती वेळा लिहिलं. तरी या दोन शब्दांवर विसंबून तुमच्या गोधड्यांना ऊन द्यावं की नाही, ते कळत नाही.