जन्माची नोंद शोधताना

नोएडातल्या कंपनीत मी लोकांना माहिती शोधून देणारं सॉफ्टवेअर करतो. पण पासपोर्टसाठी माझ्याच लेकीची जन्मनोंद मला सापडेना. हरियाणाच्या पोर्टलवर तिचं नाव हरतऱ्हेनं घालून पाहिलं. शेवटी फरीदाबादच्या पालिका कार्यालयात खिडकीवरच्या बाबूशी तावातावानं हुज्जत घालू लागलो.

माझ्यामागे साठीच्या एक बाई होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, चष्मा कपाळावर. त्यांनी खांद्यावरून माझ्या अर्जात डोकावलं.

"भाईसाहब, बच्ची नाम लेकर पैदा हुई थी क्या?"

"नहीं जी. हमारे यहाँ बारसं होता है, बारहवें दिन..."

"और अस्पताल ने रिपोर्ट कब भेजी?"

अख्खी रांग हसली. नोंद झाली तेव्हा लेक नुसती 'बेबी' होती! बाईंनी मला बाबूला बायकोचं नाव आणि लेकीची जन्मतारीख सांगायला लावली. नोंद लगेच सापडली. नावाचा रकाना कोरा होता.

मी खुशीत विचारलं, "आप क्या ढूँढ रही हैं, आंटी?"

"अपना जनम. पेन्शनवाले माँगते हैं. घर में हुई थी, किसी ने लिखवाया ही नहीं."

स्वतःचं एवढं अडलेलं असताना ही बाई माझी लेक शोधत बसली होती. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, मला कोपरानं बाजूला सारलं आणि खिडकीत डोकं घातलं.

"नमस्ते बेटा. ज़रा देखना, मैं हूँ कि नहीं?"