खोटा गुरुवार

वस्तीवर जायचा माझा वार गुरुवार. रहिमतपूरहून एसटीनं म्हसवड, तिथून मी काम करते त्या संस्थेच्या स्कूटीवरून आटपाडीच्या बाजूला जायचं आणि पंधरा-वीस घरांच्या त्या वस्तीतल्या बायांना गोळा करून शहाणपण शिकवायचं, हे माझं काम. चुलीचा धूर, तोडलेली झाडं, उघड्यावर कुजणाऱ्या शेणातून निघून आभाळ तापवणारा वायू, लहरी झालेला पाऊस. हे सगळं मी इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं तरी पुढचं वाक्य तोंडात आलं असतं. बाया बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या. एकदा मावशी म्हणाल्या, "आभाळाचं ऱ्हाऊ द्या ताई, माज्या डोळ्यांचं कायतरी बगा."

मावशी वस्तीच्या कडेच्या घरात राहायच्या. पन्नाशीच्या असतील. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर, घरी त्या आणि दोन गाई. डोळे बारमाही लाल. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडेच जेवायचे. त्या वेड्या बाभळीच्या फाट्या फुंकत भाकरी टाकायच्या आणि मी दाराबाहेर, धूर लागणार नाही अशी बसून, जेवता जेवता त्यांना गोबरगॅसचे फायदे सांगायचे.

अडचण होती शेणाची. दोन गाईंच्या शेणावर शेगडी पुरेशी पेटली नसती. संडासाचा पाइप गोबरगॅसच्या टाकीला जोडला तर भागेल, असं संस्थेचं म्हणणं. वस्तीत आधी हसाहशी झाली, मग कुजबुज. मावशींची जाऊ शेजारच्याच घरात. तिनं सरळ सांगितलं की असल्या गॅसवरच्या भाकरीला भावकीतलं कुणी हात लावणार नाही, सणावाराला दारात कुत्रं येणार नाही. आणखी चार घरं तयार होती, पण ती मावशींकडे बघत थांबली होती. आणि मावशी माझ्याकडे.

"तुमी जेवशीला का ताई, त्याच्यावरचं?" त्यांनी विचारलं.

पहिला घास माझा, मी म्हटलं. वर आणखी, आमच्याही घरी गोबरगॅस आहे, हेही ऐकवलं.

ते खोटं नव्हतं. आमच्या घरी गोबरगॅस आहे. गोठ्यात चार म्हशी आहेत, शेण हवं तेवढं. पण पाइप जोडायचा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनी, "मी माझी चूल वेगळी मांडीन," एवढंच म्हटलं आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नकार त्यांच्या नावावर गेला आणि मी पुढारलेली सून राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

मावशींनी टाकी बांधली, पाइप जोडला. टाकी भरून महिना-सव्वा महिन्यानं गॅस धरला आणि पुढच्या गुरुवारी मला जेवायचं आमंत्रण आलं. मी गेले तर स्वयंपाकघर सारवून लख्ख केलेलं. चूल लिंपून, हळदकुंकू लावून तिला निरोप दिलेला. शेगडीवर निळी ज्योत. मी मोबाइलवर फोटो काढले. जाऊ आणि त्या चार घरांतल्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जेवते का, एवढंच बघायला त्या आल्या होत्या.

ताट आलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वाटीत तूप. मी पाटावर बसले. समोर मागचं दार उघडं होतं आणि दारातून संडासाचा पत्रा दिसत होता, त्याच्याखालून टाकीकडे गेलेला पांढरा पाइप दिसत होता. गॅस म्हणजे गॅस, त्याला ना वास ना विटाळ, हे मीच शंभरदा सांगितलेलं. पण हात ताटाकडे जाईना.

"मावशी, मी विसरलेच की," मी म्हटलं. "आज माझा गुरुवार."

बोलून गेल्यावर कळलं मी काय बोलले ते. दर गुरुवारी मी याच घरात भाकरी खात होते. भिंतीला बसलेल्या प्रत्येकीनं मला खाताना पाहिलं होतं. जावेनं मान वर केली आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. भूमीनं पोटात घ्यावं म्हणतात ते उगीच नाही, पण ती वेळेवर कधी घेत नाही.

मावशींनी ताट उचललं. माझ्याकडे न बघता त्या बायांना म्हणाल्या, "व्हय, ताईंचा उपास अस्तोय. म्याच दर बारीला आग्रेव करून मोडायला लावत हुते. आज न्हाई मोडायचा."

माझं खोटं त्यांनी असं स्वतःच्या अंगावर घेतलं. मग त्या निरोप दिलेल्या चुलीपुढे बसल्या, हळदकुंकवावरच फाट्या रचल्या आणि माझ्यासाठी भगर शिजायला ठेवली. फाट्या ओल्या होत्या. त्या फुंकत होत्या, खोकत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. शेजारी शेगडी बंद. बाया एकेक करून उठून गेल्या. मी भगर खाल्ली. सगळी खाल्ली, वर दाण्याची आमटी मागून घेतली, कारण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

निघताना त्यांनी चार पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. "उद्या उपास सोडताना खावा." त्या मी घरी नेल्या आणि सासूबाईंना वाढल्या. सासूबाईंनी दोन खाल्ल्या, इतकी मऊ पोळी कुणी केली म्हणून विचारलं. वस्तीवरच्या मावशींनी, मी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. आणि स्वतःही खाल्ली नाही.

त्या चार घरांनी टाकी बांधली नाही. संस्थेच्या पत्रकात मावशींच्या निळ्या ज्योतीचा फोटो छापून आला, खाली माझं नाव. मी पुढच्या गुरुवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. प्रत्येक वेळी मावशी चूल पेटवून भगर करायच्या. माझा गुरुवार त्यांनी माझ्यापेक्षा नेमानं पाळला.

शेवटी मला राहवेना. एका मंगळवारी, काम नसताना, रजा टाकून गेले. शेगडीवर त्यांच्यापुरती आमटी उकळत होती. मी म्हटलं, "मावशी, भूक लागलीय. याच्यावरचीच भाकरी द्या. त्या दिवशी माझा उपास नव्हता."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पुन्हा म्हटलं, द्या, मी खाईन. त्यांनी आमटी उतरवली आणि शेगडी बंद केली. "नगं ताई. मन मारून खाल्लेलं अंगी लागत न्हाई. माजी जाऊबी आता माज्यात जेवत न्हाई, तिला तरी काय म्हनू? तुमी साळा शिकलेल्या."

मग त्या चुलीपुढे बसल्या आणि फाट्या मोडून आत सारायला लागल्या. मी तिथंच उभी होते. धूर भरायला लागला तशी त्यांनी मागं वळून पाहिलं.

"भाईर बसा, ताई. डोळं चुरचुरत्याल."

आणि मी बाहेर जाऊन बसले.