पडदेमास्तरांचा माळा

नाटकांचे पडदे रंगवण्यात पडदेमास्तरांची उभी हयात गेली. हात थरथरायला लागला तेव्हा सुनेने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं, आणि म्हातारा असा काही रमला की जेवायलाही दहा हाका माराव्या लागत. मास्तर स्क्रीनवर चित्र काढायचे, मग ते भल्यामोठ्या कापडावर छापून यायचं. आज संध्याकाळी एका नाटकाचे दिग्दर्शक मास्तरांनी पडद्यासाठी काढलेलं नवं जंगल पाहायला येणार होते. आवडलं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

आणि नेमकी आजच फाईल उघडेना. स्क्रीनवर पाटी आली, मेमरी अपुरी आहे.

मास्तरांचा पारा चढला. "आता हासुद्धा तेच म्हणायला लागला?"

ब्रश चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये सापडल्यापासून मुलगा येताजाता त्यांच्या विसरण्यावर बोट ठेवायचा. मास्तर हसण्यावारी न्यायचे, पण मनातून त्यांनी धसकाच घेतला होता.

सुनेला हसू आवरेना. "बाबा, तो तुम्हाला नाही म्हणत. मेमरी म्हणजे त्याचं कामाचं टेबल. तुम्ही एकेक झाड वेगळ्या थरावर काढलंय, एवढं सगळं त्यावर मावेल कसं?"

"मग काल कसं मावलं?"

"कालही मावलं नव्हतं. लगेच लागत नाही ते तो डिस्कवर नेऊन ठेवतो, लागलं की परत आणतो. वेळ लागतो, पण आपल्याला वाटतं टेबलच मोठं आहे."

मास्तर ताडकन उभे राहिले. "म्हणजे माळा! अगं, रंगाचे डबे टेबलावर मावले नाहीत की मीही माळ्यावरच टाकायचो. पण माळाच भरला असेल तर?"

सून बघतच राहिली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने डिस्क तपासली, तर ती काठोकाठ भरलेली.

"काय आहे एवढं?"

"तुमच्या चिरंजीवांचे सिनेमे."

मास्तरांना कोण आनंद झाला. सिनेमे दुसऱ्या डिस्कवर गेले, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि जंगल रमतगमत उघडू लागलं. "आला, वड आला," मास्तर खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होते. "वेली येतील आता. घाई करू नकोस त्याला."

संध्याकाळी दिग्दर्शक आले. "या, या," म्हणत मास्तर पुढे झाले आणि अडकले. या माणसाला ते तो लहान असल्यापासून ओळखत होते, पण नाव काही केल्या ओठांवर येईना. मुलगा सांगायला पुढे सरसावला. सुनेने त्याचा हात दाबला.

"बसा," मास्तर शांतपणे म्हणाले. "नाव माळ्यावर आहे. काढतोय."

दिग्दर्शक जंगल पाहत राहिले. कितीतरी वेळाने म्हणाले, "मास्तर, मला हेच हवं होतं."

"पसंत आहे ना, भुंग्या?"

दिग्दर्शक गर्रकन वळले. लहानपणी पहिल्या नाटकात ते भुंगा झाले होते, मास्तरांनीच रंगवलेल्या जंगलात. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, असं ते धरून चालले होते.