रिकामा डबा कसा पाठवू
तुपावर रवा भाजल्याचा वास आला की मला आमच्या नेरूळच्या सोसायटीतली ती दुपार आठवते. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मेंदूचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचा शेक द्यायला रोज हॉस्पिटलात नेत होते. आम्ही बायकांनी ठरवलं, तिच्या आईला स्वयंपाकाचं टेन्शन द्यायचं नाही. ग्रुपवर पाळ्या लावल्या आणि अहो, असे डबे सुरू झाले म्हणता! आमटी काय, भाजी काय, खीर काय. आपण काहीतरी करतोय, असं वाटायचं हो. महिन्याभराने माझ्या पाळीला मी वर गेले, तर आई घामाघूम होऊन भल्यामोठ्या कढईत रवा परतत उभी आणि ओट्यावर आमचे सगळ्यांचे डबे घासूनपुसून ओळीने मांडलेले. म्हटलं, "अगं, हे काय काढलंस?" तर म्हणते, "काकू, रिकामा डबा कसा पाठवू कुणाचा? दोन-दोन लाडू तरी घालते." तेवढ्यात आतून लेकीची जड आवाजात हाक आली, "आई, ये ना." "आले गं, एवढा रवा उतरवते!" मी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं, म्हटलं, "आधी जा." आत पोर विचारत होती, "झालं का सगळ्यांचं?" मी गॅस बंद केला. पुढे ती पोर गेली. आमच्या डब्यांनी त्या दोघींच्या किती दुपारी घेतल्या, हे तिच्या आईने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मलाही आजवर विचारायचा धीर झाला नाही.